अंगणात हौसेनं बांधलेलं तळं पावसाळ्यात खालून का फुगतं? धोका गळतीचा नाही, जमिनीतल्या पाण्याचा असतो!

मे महिना. घरापुढच्या बागेत एक छोटंसं तळं करायचं ठरतं. दोन मजूर येतात, खड्डा खणला जातो, तळाशी वाळू अंथरली जाते, त्यावर शेततळ्याला वापरतात तसा जाड प्लास्टिकचा कागद टाकला जातो. कडेनं दगड रचले जातात, कुंड्यांमधून कमळं बसतात, चार-सहा रंगीत मासे सोडले जातात. संध्याकाळी दिवा लावला की शेजारीपाजारी बघायला येतात. खर्च झाला, पण घराला शोभा आली!

मग जुलै उजाडतो. आठवडाभर संततधार लागते. तळ्याचं पाणी गढूळ दिसायला लागतं, म्हणून पाऊस जरा थांबल्यावर ते उपसून स्वच्छ करायचं ठरतं. मासे बादलीत काढले जातात, पंप लावला जातो आणि तळं रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर तळाचा कागद मधोमध टम्म फुगलेल्या पुरीसारखा वर आलेला! कुंड्या कलंडलेल्या, कडेचे दगड आत घसरलेले आणि कागदाला एका कोपऱ्यात चीर गेलेली.

अशा वेळी पहिला संशय कागदावर जातो, दुसरा गवंड्यावर. पण बऱ्याचदा दोघांचाही दोष नसतो. दोष असतो तो जमिनीच्या पोटातल्या पाण्याचा विचार न करण्याचा.

गंमत म्हणजे तळं बांधताना सगळं लक्ष आतलं पाणी बाहेर जाऊ नये याकडे असतं. बाहेरचं पाणी खालून वर ढकलेल, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

रिकामी कळशी बुडत नाही, ती का?

विहिरीवर पाणी भरणाऱ्यांना हे विज्ञान पुस्तकाशिवाय माहीत असतं. रिकामी कळशी विहिरीत सोडली तर ती तरंगते. तिला तिरकी करून पाणी आत घ्यावं लागतं, तेव्हा कुठे ती बुडते. कळशीच्या आत पाणी नसतं, तेव्हा बाहेरचं पाणी तिला वर ढकलत राहतं.

जमिनीतलं तळंही अशीच एक कळशी आहे. उन्हाळ्यात तिच्याभोवती कोरडी माती असते, म्हणून काही जाणवत नाही. पावसाळ्यात त्याच मातीतल्या फटी पाण्यानं भरतात आणि तळं अक्षरशः पाण्यात बसवलेल्या भांड्यासारखं होतं. भांडं भरलेलं असेल तर जागेवर राहतं. रिकामं केलं की वर येऊ पाहतं.

आता हा जोर किती असतो, ते बघू.

समजा, तळ्याचा तळ ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद आहे, म्हणजे ६ चौरस मीटर. तळ्याची खोली ७५ सेंटीमीटर आहे आणि बाहेरच्या मातीतलं पाणी तळापासून ५० सेंटीमीटर वर आलेलं आहे. अशा वेळी तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर खालून सुमारे ५०० किलो जोर येतो. सगळ्या तळाचा हिशेब केला तर हा जोर होतो सुमारे ३,००० किलो, म्हणजे तीनेक छोट्या मोटारींच्या वजनाएवढा!

आणि त्याला अडवणारा कागद? ५०० मायक्रॉन जाडीच्या प्लास्टिकच्या कागदाचं वजन चौरस मीटरला अर्धा किलोसुद्धा भरत नाही.

मग भरलेल्या तळ्याचा कागद का उचलला जात नाही? कारण आतलं ७५ सेंटीमीटर पाणी प्रत्येक चौरस मीटरवर ७५० किलो वजनानं खाली दाबत असतं. खालून ५०० वर ढकलणार, वरून ७५० खाली दाबणार. वरचं पाणी जिंकतं.

पण साफसफाईसाठी आतलं पाणी ४० सेंटीमीटरवर आणलं की वरून फक्त ४०० उरतात. खालचे ५०० जिंकतात आणि कागद उचलायला लागतो.

थोडक्यात सांगायचं तर आतल्या पाण्याची पातळी बाहेरच्या मातीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर असली पाहिजे. पुढचे सगळे उपाय याच एका वाक्यातून निघतात.

"आम्ही सिमेंटचं बांधणार" म्हणणाऱ्यांनीही वाचा

काँक्रीटचं तळं जड असतं, ते कसं उचललं जाईल, असं वाटणं साहजिक आहे. पण हिशेब इथेही सुटत नाही.

१५ सेंटीमीटर जाडीच्या काँक्रीटच्या तळाचं वजन चौरस मीटरला साधारण ३६० किलो असतं. म्हणजे तळं रिकामं असताना बाहेरचं पाणी तळाच्या खालच्या बाजूपासून ३६ सेंटीमीटर वर आलं की त्या तळाचं वजन संपलं! भिंतींचं वजन थोडी मदत करतं, पण त्यापुढे काँक्रीटला तडे जातात किंवा अख्खा हौद एका बाजूनं उचलला जातो.

मोठ्या बांधकामांमध्ये हा धोका पक्का गृहीत धरलेला असतो. पोहण्याच्या तलावांच्या तळाशी अनेकदा एक खास झडप बसवतात. बाहेरच्या पाण्याचा जोर वाढला की ती उघडते आणि जमिनीतलं पाणी तलावात येऊ देते. तलाव फुटण्यापेक्षा थोडं गढूळ पाणी आत आलेलं परवडतं. पेट्रोल पंपावरच्या जमिनीखालच्या टाक्यासुद्धा, जिथे पाणी वर येतं तिथे, काँक्रीटला पट्ट्यांनी बांधून ठेवतात. नाहीतर इंधन कमी असताना टाकी जमीन फोडून वर येऊ शकते.

आपल्याकडच्या जुन्या बारवा बघितल्या तर तिथे हा प्रश्न वेगळ्याच पद्धतीनं सुटलेला दिसतो. अनेक बारवांमध्ये घडीव दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले असतात. त्यांच्या सांध्यांतून झऱ्याचं पाणी आत येतं आणि आतबाहेरची पातळी सारखी राहते. पाण्याला अडवलंच नाही, तर त्याचा जोर चढणार कशावर?

कुठली जमीन कशी वागते?

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. वर माती, खाली मुरूम आणि त्याखाली कठीण खडक अशी साधारण रचना असते. पावसाचं पाणी माती-मुरुमातून खाली उतरतं आणि खडकावर अडतं. त्यामुळे विहिरीला उन्हाळ्यात खोलवर पाणी असलं, तरी पावसाळ्यात मुरुमाचा थर वरपर्यंत भरू शकतो.

इथेच एक फसवी गोष्ट घडते. समजा जमीन घट्ट आहे, खाली खडक आहे आणि भूजल खूप खोल आहे. तरीही तळ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात पाणी साचू शकतं. खड्डा खणून, कागद टाकून कडेनं भुसभुशीत माती भरली की भोवतीच्या घट्ट जमिनीत तो एक वाडगाच तयार होतो. छपराचं, अंगणाचं पाणी त्या भुसभुशीत मातीतून आत उतरतं, पण बाहेर जायला वाट नसते. "आमच्याकडे बोअरला पाणी २०० फुटांवर आहे" म्हणणाऱ्याच्या तळ्याचा कागदही मग फुगतो.

काळ्या मातीत आणखी एक अडचण असते. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावर थेट टाकलेल्या काँक्रीटला त्यामुळे तडे जातात, आणि त्याच तड्यांतून पुढे पाण्याची ये-जा सुरू होते.

कोकणात आणि गोव्यात जांभा दगड. तो सच्छिद्र, त्यामुळे पाणी पटकन मुरतं आणि तितक्याच पटकन उताराला निघून जातं. मे महिन्यात तळ गाठलेल्या विहिरी भर पावसाळ्यात काठोकाठ भरलेल्या दिसतात. डोंगराच्या पायथ्याशी, भातखाचरांच्या शेजारी किंवा ओढ्याच्या काठाला तर जमिनीतून पाझर फुटलेले डोळ्यांनी दिसतात. अशा जागी खोल खड्डा करून कागद टाकणं म्हणजे आपण होऊन संकटाला आमंत्रण.

चिबड जमीन, म्हणजे जिथे पाय टाकला की पाणी वर येतं अशी जागा, अस्तराच्या तळ्यासाठी कुठल्याही जिल्ह्यात टाळलेलीच बरी. शेततळ्यांनाही हाच नियम लागू आहे. २०१६ मध्ये राज्यात 'मागेल त्याला शेततळे' योजना सुरू झाली आणि शेततळ्याचा कागद गावोगाव ओळखीचा झाला. नाल्याच्या कुशीत, पाणी साचणाऱ्या सखल भागात अस्तराचं शेततळं घेतलं, तर बागेतल्या तळ्याचं जे होतं तेच तिथे मोठ्या प्रमाणावर होतं.

खणण्याआधी काय करावं? एक पाइप, एक दोरी!

तळ्याचा खड्डा बहुतेक वेळा उन्हाळ्यात खणला जातो, आणि नेमकी तेव्हाच जमिनीतल्या पाण्याची पातळी वर्षातली सर्वांत खाली असते. खड्डा कोरडा ठणठणीत दिसतो आणि माणूस निश्चिंत होतो. पातळी सर्वांत वर असते ती पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटी. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींमधली पाण्याची पातळी वर्षातून अनेकदा मोजते, ती याचसाठी. एका मोसमातल्या मोजणीवरून वर्षाचा अंदाज येत नाही.

घरच्या घरी हे मोजणं अगदी सोपं आहे.

१. तळ्याच्या नियोजित जागेजवळ, तळ्याच्या तळापेक्षा दोनेक फूट खोल असा अरुंद खड्डा पहारीनं किंवा ऑगरनं घ्यावा.

२. त्यात दोन इंची पीव्हीसी पाइप उभा करावा. पाइपच्या खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडून त्यावर बारीक जाळी किंवा सुती कापड गुंडाळावं.

३. भोवती खडी भरावी. वरच्या अर्ध्या फुटात मात्र चिकणमाती ठासावी, म्हणजे पृष्ठभागावरचं पाणी थेट आत जाणार नाही. पाइपच्या तोंडावर झाकण लावावं.

४. जून ते ऑक्टोबर दर आठवड्याला दोरीला दगड बांधून आत सोडावा आणि दोरी किती खोलीवर ओली होते ते वहीत लिहून ठेवावं.

एका पावसाळ्याची ही वही कुठल्याही अंदाजापेक्षा खरी असते. तळं बांधून झाल्यावरही हा पाइप काढू नये. "आज तळं उपसावं का?" या प्रश्नाचं उत्तर तोच देतो.

एवढा धीर नसेल तर निदान शेजारच्या विहिरीत ऑगस्टमध्ये पाणी कुठवर येतं, हे गावातल्या जुन्या माणसांना विचारावं.

बांधतानाच करायचे उपाय

तळं थोडं वर उचला. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय. ७५ सेंटीमीटर खोलीपैकी ४० सेंटीमीटर जमिनीच्या वर, दगडी किंवा विटांच्या कठड्यात ठेवली, तर जमिनीखाली फक्त ३५ सेंटीमीटर उरतात. मातीतलं पाणी जमिनीच्या पातळीपर्यंत आलं, तरी भरलेलं तळं त्याच्यापेक्षा वरच राहतं. शिवाय अंगणातलं गढूळ पाणी तळ्यात शिरत नाही आणि कठड्यामुळे लहान मूल चालता चालता आत पडण्याचा धोकाही कमी होतो.

पाण्याला वाट करून द्या. उताराची जागा असेल तर तळ्याभोवती फूटभर रुंद चर घ्यावा. त्याची खोली तळ्याच्या तळापेक्षा अर्धा फूट जास्त असावी. चरात माती गाळणारं जिओटेक्स्टाइल कापड अंथरून खडी भरावी आणि तिच्यामध्ये भोकांचा चार इंची पाइप टाकावा. वरूनही कापडानं झाकून घ्यावं, नाहीतर दोन-तीन पावसाळ्यांत गाळानं खडी बुजते. पाइपला १०० फुटांत एक फूट तरी उतार हवा आणि त्याचं तोंड खालच्या बाजूला उघड्यावर निघालं पाहिजे. तळ्याखालीही खडीचा पातळ थर देऊन तो या चराला जोडला तर उत्तम.

जागा सपाट असेल तर शोषविहिरीऐवजी उपसा-खड्डा करा. सपाट जागी चरातलं पाणी जाणार कुठे? अशा वेळी तळ्याच्या तळापेक्षा दोन फूट खोल सिमेंटची रिंग बसवून त्यात पाणी गोळा करावं आणि तरंगत्या स्विचचा छोटा पंप ठेवावा. पण वीज नेमकी मुसळधार पावसातच जाते, हे लक्षात ठेवून फक्त पंपावर विसंबू नये. पाण्यातल्या पंपाच्या जोडणीला गळती होताच वीज तोडणारा स्विच हवाच. तिथे काटकसर म्हणजे जिवाशी खेळ.

छपराचं पाणी दूर न्या. पन्हाळ्याचं पाणी तळ्याच्या शेजारी पडत असेल तर बाकी सगळे उपाय अपुरे पडतात. तळ्याच्या वरच्या अंगाला एक उथळ चारी काढून पाणी वळवावं.

कागदाखालची हवा विसरू नका. मातीत मुळं, पालापाचोळा, शेणखत राहिलं तर ते कुजून वायू तयार होतो. शिवाय जमिनीतलं पाणी वर येताना मातीतली हवा पुढे ढकलतं आणि ती कागदाखाली अडकते. म्हणून खड्डा साफ करून, मुळं काढून, वाळूचा थर आणि त्यावर जाड कापडी थर देऊन मगच कागद टाकावा. तळाला एका बाजूनं किंचित चढ दिला तर हवा कडेकडेनं निघून जाते.

फुगवटा आलाच तर?

आधी तो कशाचा आहे ते ओळखावं. फुगवटा पाण्याच्या वर डोकं काढून, हलक्या फुग्यासारखा दिसत असेल तर आत बहुधा हवा किंवा वायू आहे. फुगवटा पाण्याखालीच राहत असेल, एका ठिकाणी दाबला की दुसरीकडे सरकत असेल, तर खाली पाणी आहे.

पाण्याचा फुगवटा असेल तर तीन गोष्टी करू नयेत. कागदाला भोक पाडू नये, त्यावर चालू नये आणि तळं उपसू नये. भोक पाडल्यानं त्या क्षणी जोर कमी होतो खरा, पण नंतर मातीचं गढूळ पाणी तळ्यात येतं आणि उन्हाळ्यात तळ्याचं पाणी त्याच भोकातून निघून जातं. जवळ शौचालयाची टाकी किंवा भरपूर खत दिलेलं शेत असेल, तर तिथलं पाणीही तळ्यात येतं. पाणी हिरवं होतं आणि माशांच्या जिवावर बेततं.

करायचं ते उलटंच असतं. तळं काठोकाठ भरावं. नळाचं पाणी असेल तर त्यातल्या क्लोरीनमुळे मासे मरू शकतात, म्हणून ते दिवसभर उघडं ठेवून किंवा क्लोरीन घालवणारं औषध टाकून थोडं थोडं सोडावं. शक्य असल्यास तळ्याच्या बाहेर, दोनेक फुटांवर खड्डा घेऊन त्यातलं पाणी उपसावं. बाहेरची पातळी उतरली की कागद आपोआप खाली बसतो.

हवेचा फुगवटा असेल तर तो हळूहळू कडेकडे सरकवून कागदाच्या काठाखालून हवा काढता येते. तळाखालची वाळू सरकली असेल किंवा कागदाला घड्या पडल्या असतील, तर दुरुस्ती पावसाळ्यात करूच नये. जमिनीतलं पाणी पुरेसं उतरलं की, साधारण फेब्रुवारीनंतर, पाइपमध्ये बघून खात्री करावी आणि मगच तळं रिकामं करावं.

वर्षभराचा सोपा नियम

पावसाळ्यात तळं पूर्ण रिकामं करू नये. पाणी बदलायचंच असेल तर एका वेळी दहावा हिस्सा काढावा आणि लगेच तेवढं भरावं. गाळ काढायचा असेल तर तो जाळीनं काढावा. मोठी साफसफाई, कागद बदलणं, काँक्रीटची डागडुजी ही सगळी कामं उन्हाळ्यातली.

आणि काही जागा अशा असतात, जिथे पाण्याशी भांडण्यात अर्थच नसतो. पाझराच्या सखल जागी कागद न टाकता तसंच कच्चं तळं केलं तर जमिनीतलंच पाणी त्यात येतं आणि त्याचं त्यातच जातं. मार्च-एप्रिलमध्ये ते आटेल, मासे ठेवता येणार नाहीत, पण बेडूक, चतुर आणि पाणपक्षी हक्कानं येतील. फुगण्याची, फाटण्याची भीतीही नाही.

मे महिन्यातला कोरडा खड्डा बघून घेतलेला निर्णय ऑगस्टमध्ये महागात पडतो. म्हणून पहार हातात घेण्याआधी एकदा मागचा ऑगस्ट आठवावा. त्या जागी तेव्हा चिखल होता का? पावलांचे ठसे पाण्यानं भरत होते का? उत्तर 'हो' असेल, तर तिथे खाली खणण्यापेक्षा वर बांधणं शहाणपणाचं!